एवढ्या उंचावर कसा चढला?

“सर, तुम्हीच पोरांना भिंती रंगवायला लावता आणि किल्ल्यावर कुणी नाव लिहिलं की खवळता. असं कसं?” चित्रकलेच्या मास्तराला हा प्रश्न पालक विचारतात, पोरं विचारतात, एकदा तर रिक्षावाल्यानेही विचारला. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

कायद्याला हा पेच पडत नाही. मालमत्तेच्या विद्रूपणाविरुद्धचा राज्याचा १९९५ चा कायदा मुख्यतः एकच विचारतो: लेखी परवानगी आहे का? नसेल तर तुरुंगवास किंवा दंड. मुंबईत २००९ साली महापालिकेनेच लोकांना बोलावून तुलसी पाइप रोडची रेल्वेलगतची लांबलचक भिंत रंगवायला दिली. त्याच भिंतीवर तोच ब्रश आदल्या रात्री कुणी गुपचूप फिरवला असता तर पोलीस आले असते. परवानगी मिळाली की विद्रूपीकरणाचं सुशोभीकरण होतं.

माझं तेवढ्यावर समाधान होत नाही. परवानगीच्या भिंतींवर काय दिसतं? तोच मोर, तीच वारली चित्रांतली माणसं, तेच ‘पाणी वाचवा’. चोरून काढलेलं एखादं स्टेन्सिल त्याहून कितीतरी जिवंत असतं. (हे मुख्याध्यापकांना सांगू नका.)

मी भिंत बघताना आधी खाली काय होतं ते बघतो. सहलीला अजिंठ्याला गेलो की पोरांना दहाव्या लेण्यात नेतो. दर्शनी कमानीपाशी ब्राह्मी अक्षरं आहेत: वासिठीपुत कटहादी याने हे घरमुख, म्हणजे लेण्याचा दर्शनी भाग, दान दिलं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाने भिंतीवर घातलेलं नावच की ते! पण आधी दर्शनी भाग दिला, मग नाव. आत एका खांबावर दुसरं नाव आहे. जॉन स्मिथ, घोडदळातला इंग्रज अधिकारी, २८ एप्रिल १८१९. शिकारीला आला, लेणी दिसली आणि रंगवलेल्या आकृतीवरच याने नाव खरवडलं. पोरं मान वर करून विचारतात, “सर, हा एवढ्या उंचावर कसा चढला?” चढला नव्हता. लेण्यात तेव्हा पुरुषभर माती-दगड साचले होते, त्यावर तो उभा होता.

शाळेची भिंत चुना लावून पुन्हा कोरी करता येते, पण लेण्यातलं ते चित्र कुणी परत आणू शकत नाही. संरक्षित किल्ल्यावर किंवा लेण्यात आज असं केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड होऊ शकतो, पण गेलेला रंग त्यानेही येत नाही. खवळण्याचं खरं कारण वेगळंच आहे. नववीत असताना मीही एका बुरुजावर कर्कटकाने नाव कोरलं होतं. अजून वाचता येतं. त्या गडावर वर्गाला नेतो तेव्हा त्या बाजूला फिरकत नाही.

गेल्या सहलीत एका पोराने मला गाठलं. “सर, स्मिथचं नावपण आता दोनशे वर्षांचं झालं. ते पुसायचं का?”

मी म्हटलं, “नको. त्याच्यासोबत खालचं उरलंसुरलं चित्रही जाईल.”

तो जरा थांबला. “आणि शाळेच्या भिंतीवरचं आपलं?”

“ते जूनमध्ये पुसायचं. चुन्याची बादली तू धरायचीस.”