अजून आहात का?

गेल्या वैशाखात एका लग्नात दूरच्या नात्यातले एक काका भेटले. जिलबीचा तुकडा मठ्ठ्यात बुडवत त्यांनी विचारलं, "काय रे, अजून लिहितोस का?"

सगळी मेख त्या 'अजून'मध्ये होती. 'लिहितोस का' एवढंच विचारलं असतं तर ती चौकशी झाली असती. मी "हो, अधूनमधून" असं काहीतरी पुटपुटलो आणि भाताकडे वळलो. चोख उत्तर सुचलं ते परतीच्या एसटीत, काका आणि जिलबी दोन्ही मागे राहिल्यावर.

कुणाला तोडायचं असेल तर मराठीत अनुल्लेखाने मारायची छान सोय आहे. काकांचं हत्यार त्याहून बारीक. उल्लेख करायचा आणि त्याच उल्लेखात तेरावंही उरकून टाकायचं. हे गाऱ्हाणं मी न्यूयॉर्कमध्ये क्वीन्सला राहणाऱ्या भाच्याला फोनवर सांगितलं. त्याला बेसबॉलचं वेड. तो हसून म्हणाला, "मामा, तुझे काका म्हणजे बिल टेरी आहेत."

हा बिल टेरी न्यूयॉर्क जायंट्सचा मॅनेजर. बेसबॉलमधला मॅनेजर म्हणजे मस्टरवर सह्या तपासणारा नव्हे. कोण खेळणार, चेंडू कोण टाकणार, कुणाला मधेच बसवायचं, हे तो ठरवतो. टेरी तर स्वतः मैदानातही उतरायचा. 1930 मध्ये त्याने फलंदाजीत .401 ची सरासरी राखली होती, म्हणजे दर दहा संधींत साधारण चार यशस्वी फटके, आणि त्यानंतर नॅशनल लीगमध्ये (अमेरिकेतल्या दोन मोठ्या लीगपैकी ही एक) आजवर कुणालाही .400 गाठता आलेलं नाही. 1933 मध्ये त्याच्या संघाने वर्ल्ड सिरीज, म्हणजे दोन्ही लीगच्या विजेत्यांमधली अंतिम मालिकाही जिंकली. म्हणजे माणूस बोलायच्या लायकीचा होता, हे कबूल करायला हवं. (काकांविषयी मी एवढं म्हणू शकत नाही.)

जानेवारी 1934 मध्ये पत्रकार त्याला येत्या मोसमातल्या प्रतिस्पर्ध्यांबद्दल विचारत होते. कुणीतरी ब्रुकलिनचं नाव काढलं. ब्रुकलिन डॉजर्स म्हणजे नदीपलीकडचे शेजारी, आदल्या वर्षी आठ संघांत सहावे. टेरी म्हणाला, ब्रुकलिन? ते अजून लीगमध्ये आहेत का?

पत्रकार हसले, वाक्य छापून आलं आणि ब्रुकलिन पेटलं.

खरं तर ब्रुकलिनला चेष्टेची सवय होती. 1926 मध्ये बेब हर्मनने एक जोरदार फटका मारला आणि पळापळीत ब्रुकलिनचे तीन गडी एकाच वेळी तिसऱ्या बेसवर, म्हणजे धाव काढताना लागणाऱ्या तिसऱ्या टप्प्यावर, येऊन ठेपले; खरं तर एका बेसवर एकालाच जागा असते. त्यातले दोघे बाद. तेव्हापासून 'ब्रुकलिनचे तीन गडी बेसवर आहेत' असं कुणी सांगितलं की समोरचा विचारायचा, "कुठल्या बेसवर?" हा विनोद ब्रुकलिनकर स्वतःही चवीने सांगायचे. पण आपल्या पोराला आपण गाढव म्हणावं. शेजाऱ्याने गॅलरीतून म्हणायचं कारण नाही. शिवाय गाढव म्हणणारा निदान पोर आहे एवढं तरी मान्य करतो. टेरीने पोर आहे का, असंच विचारलं होतं.

त्या मोसमातही डॉजर्सनी काही दिवे लावले नाहीत. केसी स्टेंगल हा नवा मॅनेजर आला, आणि संघ पुन्हा सहावाच. जायंट्स मात्र सप्टेंबरच्या सुरुवातीला सात सामन्यांनी आघाडीवर होते. मग ते घसरू लागले, सेंट लुईस कार्डिनल्स वर चढू लागले, आणि शेवटचे दोन दिवस उरले तेव्हा दोघे बरोबरीत. त्या दोन दिवशी जायंट्सची गाठ कुणाशी पडावी? ब्रुकलिनशी. वेळापत्रक लावणाऱ्याच्या जिभेवर तीळ असणार.

सामने जायंट्सच्या घरच्या मैदानावर, मॅनहॅटनच्या उत्तरेला पोलो ग्राउंड्सवर होते. ब्रुकलिनकर तिथे लोटले. फलक आणले, घसे आणले. 29 सप्टेंबरला व्हॅन लिंगल मंगोच्या गोलंदाजीपुढे जायंट्स 5-1 असे हरले. दुसऱ्या दिवशी पहिल्याच डावात त्यांनी चार धावा काढल्या, तरी ब्रुकलिनने गाठलं आणि नेहमीच्या नऊ डावांनंतर जादा दहाव्या डावात 8-5 असं हरवलं. तिकडे कार्डिनल्सनी दोन्ही दिवस जिंकून लीगचं विजेतेपद नेलं. आणि इकडे प्रेक्षक टेरीला ओरडून ओरडून सांगत होते की हो, आम्ही अजून लीगमध्ये आहोत!

यात ब्रुकलिनच्या पदरात काय पडलं? काहीच नाही. नवरा मेला तरी चालेल, पण सवत विधवा झाली पाहिजे, त्यातली गत. तरीही मला त्या लोकांचा मनापासून हेवा वाटतो. जानेवारीत लागलेल्या टोमण्याचं उत्तर सप्टेंबरात, त्याच माणसाच्या अंगणात, तिकीट काढून, पोटभर ओरडून देता आलं! आपल्याला असा परतीचा सामना कोण भरवून देतो? आपलं उत्तर एसटीत सुचतं, आणि शेजारच्या सीटवर कुणीतरी घोरत असतं.

पुढची गोष्ट भाच्याने जरा आवाज उतरवून सांगितली. 1957 चा मोसम संपला आणि डॉजर्स खरोखरच ब्रुकलिन सोडून लॉस एंजेलिसला गेले. टेरीच्या प्रश्नाला तेवीस वर्षांनी 'नाही' असं उत्तर मिळालं. पण ते ऐकायला जायंट्स तरी कुठे होते? ते त्याच सुमारास सॅन फ्रान्सिस्कोला निघून गेले. दोन्ही जुनी मैदानं पुढे पाडली गेली. तिथे आता राहत्या इमारती आहेत. 1962 मध्ये न्यूयॉर्कला मेट्स हा नवा संघ मिळाला, त्याने डॉजर्सचा निळा आणि जायंट्सचा नारिंगी रंग घेतला. पहिली दोन वर्षं तो पोलो ग्राउंड्सवरच खेळला. मॅनेजर कोण, तर तोच केसी स्टेंगल, आणि पहिल्या वर्षी त्याने 120 सामने हरून दाखवले.

भाचा या मेट्सचा भक्त. डिसेंबरात आला तेव्हा माझ्यासाठी टोपी घेऊन आला, निळी, वर नारिंगी अक्षरं. मी ती मुद्दाम घालून पुढच्या लग्नाला गेलो. काका होतेच. टोपीकडे बघून म्हणाले, "ही कसली रे?"

हाच तो परतीचा सामना. मी घसा साफ केला, 1934 पासून सुरुवात करणार होतो. "भाच्याने आणली," एवढं म्हणतोय तोच काकांनी मठ्ठ्याची वाटी पुढे ओढली.

"असं का? अजून अमेरिकेतच आहे का तो?"