तुम्ही विचारलंत म्हणून: कुंडलिनी योगाची सुरुवात बुडापासून

‘कुंडलिनी योग घरी सुरू करायचाय, पहिल्या दिवशी काय करू?’ असं विचारणाऱ्याला बहुतेकदा जागृतीबद्दल, म्हणजे कण्याच्या तळाशी निजलेली मानलेली कुंडलिनी शक्ती जागी होण्याबद्दल, ऐकायचं असतं, आणि उत्तर बैठकीपासून सुरू झालं की त्याचा हिरमोड होतो. पण ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय काढून बघा. साडेतीन वेढे घालून निजलेल्या नागिणीचं वर्णन येण्याआधी माउली जागा, आसन, टाच कुठे दाबायची, मग मूळबंध, जालंधर, वोढियाणा (उड्डियान) हे तीन बंध, म्हणजे बुडाशी, गळ्याशी आणि पोटाशी घालायचे आवळे, हे सगळं ओळीने सांगतात. शक्तीची पाळी नंतर येते.

आज वर्गांत या नावाने जे शिकवतात, ते बरंचसं योगी भजन या शीख योगगुरूंनी 1968 नंतर अमेरिकेत रुजवलेलं आहे: ठरावीक मिनिटांच्या क्रिया, जलद श्वास, मंत्र. हठयोगाची वाट जुनी, ती बंध आणि मुद्रांवरून जाते. पुण्यात गुळवणी महाराजांनी चालवलेली शक्तिपाताची, म्हणजे गुरूने शिष्यात शक्ती जागवण्याची, परंपरा वेगळीच. तिथे आधी दीक्षा. खालचं सगळं पहिल्या दोन वाटांपुरतं आहे.

पोट रिकामं हवं, जेवून निदान 4 तास झालेले. सतरंजी किंवा घोंगडीची 3-4 इंच जाड घडी करा आणि ती फक्त बुडाखाली घ्या, मांड्यांखाली नको. गुडघे कमरेपेक्षा खाली आले पाहिजेत. ते वर राहिले तर कंबर मागे कलंडते, पाठीला पोक येतो आणि पोट दबून श्वास छातीतच अडकतो. मग पुढचं सगळं फुकट. मांडी घालताच येत नसेल तर खुर्चीत बसा, पाठ टेकवू नका.

मग कणा मोकळा करायचा. मांडी घालून घोटे धरा. श्वास घेताना छाती पुढे, सोडताना पाठ मागे गोल. अशी 26 आवर्तनं, सावकाश. डोकं जागच्या जागी ठेवायचं. नंदीबैलासारखी मान हलवली की काम कण्याऐवजी मानेवर येतं आणि दुसऱ्या दिवशी मान धरते.

यानंतर 5 मिनिटं साधा दीर्घ श्वास: 4 आकड्यांत आत, 8 आकड्यांत बाहेर. श्वास आत रोखून धरणं पहिले दोन-तीन महिने अजिबात नको. हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथाने सिंह, हत्ती आणि वाघ जसे हळूहळू वश करतात तसाच वायू वश करायला सांगितलंय, नाहीतर तो साधकालाच मारतो. भाषा कडक आहे, सल्ला रास्त आहे.

सगळ्यांना घाई असते ती जलद श्वासाची, म्हणजे अग्निश्वासाची. कपालभातीत झटका फक्त सोडताना असतो, श्वास आपोआप आत येतो; अग्निश्वासात घेणं-सोडणं सारख्याच जोराचं, सेकंदाला साधारण दोनदा, दोन्ही नाकपुड्यांनी. सोडताना बेंबी आत, घेताना बाहेर. नवख्यांचं बहुतेकदा नेमकं उलटं होतं. तळहात बेंबीवर ठेवून आधी संथ करून पाहा. खांदे उडत असतील तर वेग फार झालाय. सुरुवात 30 सेकंदांनी करा. चक्कर आली, ओठांना किंवा बोटांना मुंग्या आल्या तर थांबा. जादा श्वासामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, त्याने मुंग्या येतात, आणि मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसून चक्कर येते. त्याला जागृती समजून लोक आणखी जोर लावतात. (मांडीत पाय बधिर होतो, तीही शक्ती नव्हे, दबलेली नस.)

मूळबंध सगळ्यात जास्त चुकतो. लघवी मध्येच रोखताना जे स्नायू वर ओढले जातात, तेच श्वास सोडून झाल्यावर हलकेच वर ओढायचे, 3 आकडे धरायचे, मग पूर्ण सैल सोडायचे. असं 10 वेळा. प्रत्यक्ष लघवी करताना मात्र सराव नको. परीक्षा सोपी आहे: ओढताना तुम्ही घडीवरून किंचित वर उचललात, तर बंध लागला नाही, कुल्ले आवळले गेले. जबडा आवळला गेला तरीही जोर जास्तच झाला. नुसतं आवळता येऊन भागत नाही, सोडताही यायला हवं. सैल सोडणंच अनेकांना जमत नाही.

उड्डियान, म्हणजे पोट आत आणि वर खेचायचा बंध, समोर शिक्षक असताना शिका. तो पूर्ण श्वास सोडल्यावरच होतो, आणि पोट आधी सैल करून मग हवा आत घ्यायची असते. घशातून हवा झटक्याने घुसली तर फार वेळ ताणलंत.

शेवटी 7 मिनिटं शवासन. ऑफिसच्या गडबडीत हेच पहिलं गळतं, आणि मग दिवसभर चिडचिड होते.

गरोदर असाल, रक्तदाब जास्त असेल, हृदयविकार, हर्निया, अपस्मार, काचबिंदू असेल किंवा पोटाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर जलद श्वास आणि उड्डियान दोन्ही वर्ज्य. मानसिक आजारात कधी भास झाले असतील, किंवा उन्मादाचे झटके येऊन गेले असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीच सुरू करू नका. आणि धडधाकट माणसाचीही सरावानंतर सलग तीन रात्री झोप उडाली, तर अग्निश्वास आठवडाभर बंद ठेवा. बैठक आणि 4-8 चा श्वास तेवढा चालू द्या.