टाकीत वाढलेला साप बदलतो का? तुम्ही विचारलंत म्हणून

गोव्यात सत्तरी, डिचोली तालुक्यात साप पकडायला गेलं की पावसाळ्यात हा प्रश्न ठरलेला. कुणीतरी मोबाईलवर रील दाखवतो, अमेरिकेतल्या माणसाच्या हातावर लालभडक नाहीतर पांढरा गार्टर साप शांत बसलेला, आणि विचारतो, "भाऊ, असे रंगासाठी जोड्या लावून काढलेले साप स्वभावाने पण बदलतात काय, की साप तो सापच?"

बदलतात. पण ब्रीडर, म्हणजे जोड्या लावून पिल्लं काढणारा, ज्या गोष्टीकडे बघत असतो तीच बदलते असं नाही, आणि मला बोलायचंय ते ह्याच्यावरच.

गार्टर उत्तर अमेरिकेतला, पाण्याच्या आसपास राहणारा, बेडूक, मासे, गांडुळं खाणारा साप. आपल्या कुळागरात पाटाकडेला दिसणारी नानेटी त्याच्याच उपकुळातली, फक्त ती अंडी घालते आणि गार्टर थेट पिल्लं देतो. नानेटी आणि दिवड दोघं नात्यातले, पण नानेटी सहसा चावत नाही, घाबरली तर मान फुगवून खवल्यांमधला निळा-लाल रंग दाखवते, आणि दिवड मात्र हात लागायच्या आधीच चावायला येतो. म्हणजे जातीजातीत स्वभाव वेगळा हे आपल्याला माहितीच आहे. पण एकाच जातीत, एकाच आईच्या पिल्लांतसुद्धा तो वेगळा असतो आणि बराचसा रक्तातून येतो, हे लोकांना पटत नाही.

स्टीव्हन अर्नोल्ड नावाच्या शास्त्रज्ञाने कॅलिफोर्नियात हे फार सुंदर दाखवलंय. किनाऱ्याकडचे गार्टर बिनशंखाच्या गोगलगाई आवडीने खातात, आतल्या डोंगराळ भागातल्यांना त्या मिळतच नाहीत. त्याने गाभण माद्या लॅबमधे आणल्या, पिल्लं झाली, त्यांनी जन्मात काही खाल्लेलं नाही, आणि त्यांच्यापुढे गोगलगाय ठेवली. किनाऱ्याकडच्या बहुतेक पिल्लांनी ती खाल्ली, आतल्यांतल्या बहुतेकांनी तोंड फिरवलं. कुणी शिकवलेलं नाही, वासाची आवड जन्मासोबतच आलेली.

आणि एडमंड ब्रोडी ह्या शास्त्रज्ञाचं १९८९ आणि १९९२ चं काम, मला विचाराल तर ह्या विषयात ह्याच्याइतकं महत्त्वाचं दुसरं नाही. वायव्य अमेरिकेतल्या एका गार्टर जातीत काहींच्या अंगावर लांब पट्टे असतात, काहींच्या ठिपके नाहीतर काहीच नाही. पट्टेवाली पिल्लं धोका दिसला की सरळ सुसाट पळतात, कारण अंगावर लांब पट्टा असला की पळणाऱ्या सापाचा वेग नजरेला नीट कळत नाही, आणि ठिपकेवाली मधेच वळतात, थांबतात, पानापाचोळ्यात दिसेनाशी होतात. रंग आणि पळणं असं जोडीने वारशात आलेलं. पिल्लं खुणा करून रानात सोडली तेव्हा ज्यांची जोडी जुळलेली ती जास्त जगली, पट्टे असून उगाच वळणारी कमी जगली.

आता विचार करा, टाकीत घार नाही, मुंगूस नाही. जुळली न जुळली सगळीच जगतात. ब्रीडर पांढऱ्याला पांढऱ्याशी जोडतो, बऱ्याचदा भावंडांनाच, कारण लपलेला रंग तसाच बाहेर येतो, आणि त्या रंगाबरोबर पळण्याचं काय झालं हे कुणी लिहून ठेवत नाही. वर एक निवड नकळत चालू असते ती वेगळीच: जे पिल्लू मेलेला मासा नाहीतर उंदराचं पिल्लू पटकन घेतं ते टिकतं, जे घेत नाही ते मरतं, म्हणून काही पिढ्यांनी साप "शांत आणि चांगला खाणारा" वाटायला लागतो. त्यात माझ्या मते प्रेमाचं काही नाही, खाण्याची निवड आहे.

रंगामागे धावल्याचं वाईटातलं वाईट उदाहरण गार्टरमधलं नाही, बॉल पायथन ह्या पाळल्या जाणाऱ्या अजगराचं आहे. त्यातल्या 'स्पायडर' नावाच्या नक्षीच्या सापांचं डोकं डगमगतं, कधी ते गिरकी खातात, आणि २०२२ च्या अभ्यासात त्यांच्या आतल्या कानाची रचनाच बिघडलेली आढळली. तो जीन, म्हणजे जनुक, नक्षीचाच. नक्षी हवी तर डगमग पण घ्यावी लागते, आणि लोकांनी वर्षानुवर्षं ते पैसे देऊन घेतलं, ह्याचा मला राग येतो.

साप मालकाला, एकमेकांना ओळखतात का, हे पण विचारता. २०२० मधे कॅनडात स्किनर आणि मिलर ह्यांनी लहान गार्टर एकत्र ठेवून बघितलं, तर ते कुणाहीजवळ नाही, ठराविक सापांजवळ जाऊन बसायचे, आणि काही धीट, काही बुजरे, हा फरक टिकून राहिला. म्हणजे स्वतःच्या जातीतला साथी त्यांना कळतो. मालकावर जीव लागतो असं मात्र ह्यातून निघत नाही, हाताची सवय होते एवढंच मी म्हणेन.

आणि एक, विचित्र वागणूक दिसली की सगळे लगेच जीनवर ढकलतात. पाळलेला गार्टर अचानक पिळवटायला लागला, झटके यायला लागले, तर आधी विचारा तो खातो काय. गोल्डफिशसारख्या काही माशांत थायामिनेज असतं, ते बी-वन जीवनसत्त्व मोडतं, आणि रोज तेच मासे दिले की साप असाच वेडावाकडा होतो. वेळेत कळलं तर पशुवैद्य बी-वन देऊन बऱ्याचदा वाचवू शकतो, आणि खाण्यात त्या माशांऐवजी गांडूळ, उंदीर आणले की पुन्हा तसं व्हायची भीती बरीच कमी होते.