मार्सेय: गेलो होतो 'मोरिया'साठी

मराठी माणूस फ्रान्समधल्या मार्सेयला, म्हणजे आपल्या मार्सेलिसला, जातो तो 'मोरिया' बोटीसाठी. मीपण तेच. ८ जुलै १९१०, सावरकरांची उडी, तो किनारा बघायचा एवढाच प्लॅन होता. अर्ध्या दिवसात बघून झाला, पाणी, क्रेन आणि वारा. उरलेले तीन दिवस समुद्रापलीकडच्या अल्जीरियाने खाल्ले.

सुरुवात स्टेशनपासूनच. सां-शार्लच्या बाहेर १०४ पायऱ्यांचा जिना आहे, १९२७ सालचा, बॅग घेऊन उतरताना गुडघे बोलायला लागतात. खाली दोन्ही बाजूंना दगडाच्या दोन बायका ऐसपैस आडव्या, एक म्हणजे फ्रान्सच्या आशियातल्या वसाहती, दुसरी आफ्रिकेतल्या. आणि त्या आफ्रिकेच्या पायाशी अल्जीरियाच्या फुटबॉल टीमचा शर्ट घातलेली दोन पोरं निवांत सँडविच खात बसलेली. म्हटलं चला, इथूनच लिहायला घेऊ.

खोली नोआय भागात घेतली होती. सकाळी गल्लीत पुदिन्याच्या जुड्या, ऑलिव्हच्या बादल्या, आणि म्समेन! म्हणजे चौकोनी घडीची पोळीच की, रवा-मैद्याची, तेल लावून घडी घालून तव्यावर टाकलेली. आईला फोटो पाठवला तर तिचा रिप्लाय, "कडा कच्च्या राहिल्यात."

आता थोडा इतिहास, कारण त्याशिवाय ही गल्ली कळत नाही. फ्रान्सने १८३० मध्ये अल्जीरिया घ्यायला सुरुवात केली आणि १८४८ मध्ये तर तो फ्रान्सचाच भाग म्हणून जाहीर केला, आपल्यासारखी वसाहत नाही, थेट जिल्हे. पण जिल्ह्यात राहणाऱ्या मुसलमानांना बरोबरीचे हक्क काही नाहीत. जमिनी गोऱ्यांकडे गेल्या आणि गावातली माणसं कामासाठी समुद्र ओलांडून इकडे यायला लागली. मग १९५४ ते १९६२ युद्ध, ५ जुलै १९६२ ला स्वातंत्र्य, आणि त्याच उन्हाळ्यात पिढ्यान्‌पिढ्या तिकडे राहिलेले गोरे लाखोंनी बोटीत बसून याच बंदरात उतरले. त्यांना म्हणतात 'पिए-न्वार', काळे पाय. त्यांचंही इथे काही फार प्रेमाने स्वागत झालं नाही, खुद्द मेयर गास्तों देफेरनेच त्यांना दुसरीकडे जाऊन बस्तान बसवा म्हणून सुनावलं होतं.

एक शाळा मुद्दाम बघायला गेलो. तिला ब्युजोचं नाव होतं, म्हणजे अल्जीरियात गावं आणि पिकं जाळत फिरलेला फ्रेंच सेनापती. २०२१ मध्ये नगरपालिकेने ते बदलून अहमद लितिम ठेवायचं ठरवलं. हा अल्जीरियन सैनिक, ऑगस्ट १९४४ मध्ये हेच शहर जर्मनांकडून सोडवताना मेला. पोरांना सुट्टी होती, गेट बंद, बाहेरूनच पाटी बघून परत आलो.

खरा माणूस भेटला तो चहाच्या टपरीवर. पांढऱ्या केसांचा बाबा, डोमिनो खेळत होता. अशा म्हाताऱ्यांना इथे 'शिबानी' म्हणतात, म्हणजे पिकलेल्या केसांचे. मालकाचा पोरगा इंग्रजीत सांगायचा. अल्जीरियातल्या कबिलिया भागातलं डोंगरातलं गाव, मोठा भाऊ आधी आलेला, मग हा, एका खोलीत गावचे सहा जण, पाळीपाळीने झोपायचे, पैसे गावी. ऐकता ऐकता मला गिरणगावातला गाळाच दिसायला लागला, फक्त भाषा वेगळी. आता बायको-पोरं तिकडे, नातवंडं तिकडे, पण म्हातारपणाचा भत्ता हवा तर वर्षातले नऊ महिन्यांहून जास्त फ्रान्समध्येच काढायचे. म्हणून हा इथे. एकटा, डोमिनो खेळत.

शेवटच्या संध्याकाळी बंदरावर बोट बघायला गेलो. उन्हाळ्यात अल्जियर्सच्या बोटीची लाईन म्हणजे गणपतीला निघालेला हायवे, टपावर गाद्या, फ्रिज, सायकली, वर निळी ताडपत्री. बाबा पण आला होता, कोणाच्या तरी गाडीतून औषधं पाठवायला. मला विचारतो, "तुझ्या गावाला बोट लागते का?"

म्हटलं आता नाही, पण आजोबा भाऊच्या धक्क्यावरून बोटीनेच रत्नागिरीला जायचे.

पोराने भाषांतर केलं. बाबा हसला आणि पोटावर हात ठेवून तोंडाने ओकल्याचा आवाज काढून दाखवला, मग माझ्याकडे बघून भुवया उडवल्या, म्हणजे आजोबांचं पण असंच ना?

असंच, म्हटलं.