ऑक्सिजन सेन्सर घरीच बदलला

जूनच्या शेवटी, पाऊस जोर धरत असताना, आमच्या २०१७ च्या पेट्रोल गाडीचा चेक इंजिन लाइट लागला. गाडी चालत होती, पण सकाळी स्टार्ट केल्यावर पहिली काही मिनिटं पिकअप जड लागायचा आणि सायलेन्सरमधून पेट्रोलचा वास यायचा. कोल्हापुरात मला १५ चं ॲव्हरेज मिळायचं, ते साडेतेरावर आलं. एका गॅरेजने मशीन लावलं आणि सांगितलं, दोन्ही ऑक्सिजन सेन्सर गेलेत, सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही बदलावा लागेल. (पुढचा सेन्सर या कन्व्हर्टरच्या आधी असतो, मागचा नंतर.) आकडा ऐकून मी विचार करून सांगतो म्हणालो आणि गाडी घरी आणली.

साडेसातशे रुपयांचा ब्लूटूथ स्कॅनर मागवला. कोड निघाला पी०१३५. त्याचा अर्थ पुढच्या सेन्सरच्या हीटर सर्किटमध्ये दोष, एवढाच. सेन्सर गेला असं हा कोड म्हणत नाही. फ्यूज उडाला असेल, उंदराने वायर कुरतडली असेल, कनेक्टरमध्ये पाणी गेलं असेल, तरी हाच कोड येतो. कन्व्हर्टरबद्दल तर त्यात एक अक्षरही नव्हतं.

या सेन्सरला हीटर का लागतो, हे मला आधी समजून घ्यायचं होतं. आत झिर्कोनियाचा सिरॅमिक भाग असतो. तो साधारण ३०० अंशांच्या वर तापला की धुरात ऑक्सिजन किती उरला आहे त्याप्रमाणे व्होल्टेज देतो. मिश्रणात पेट्रोल जास्त असेल तर ०.९ व्होल्टच्या आसपास, हवा जास्त असेल तर ०.१. त्यावरून ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, पेट्रोल कमी-जास्त करत राहतो. बॉशने १९७६ मध्ये हा सेन्सर व्होल्वोच्या गाडीत आणला, तेव्हा त्यात हीटर नव्हता, तो नुसत्या धुराच्या उष्णतेवर तापायचा. माझी गाडी तशीच झाली होती. सेन्सर तापेपर्यंत ईसीयू अंदाजाने पेट्रोल सोडायचा आणि तो अंदाज सढळ हाताचा असतो.

मोबाइलवर लाइव्ह डेटा लावून रंकाळ्यापर्यंत चक्कर मारली. पहिली आठ-नऊ मिनिटं पुढच्या सेन्सरचा आकडा एका जागी पडून होता. मग अचानक तो ०.१ ते ०.९ मध्ये भराभर खालीवर व्हायला लागला. म्हणजे सेन्सरचं डोकं शाबूत होतं, हीटर मेला होता. मागच्या सेन्सरचा आकडा गाडी तापल्यावर ०.७ च्या जवळ शांत होता. कन्व्हर्टर निकामी असता तर तोही पुढच्यासारखा नाचला असता. त्या आकड्याकडे बघून मला इतकं हायसं वाटलं की गाडी बाजूला घेऊन पाच मिनिटं तसाच बसलो.

घरी येऊन फ्यूज पाहिला, ठीक होता. कनेक्टर सोडवून चावी ऑन केली, गाडीच्या बाजूने बारा व्होल्ट येत होते. सेन्सरला चार वायर होत्या. त्यातल्या एकाच रंगाच्या दोन हीटरच्या. त्यांच्यावर मल्टिमीटर ओहमला लावला, तर आकडाच येईना, सर्किट तुटलेलं. मगच नवा सेन्सर मागवला, तीन हजार दोनशेला. आल्यावर मोजला, तर ९ ओहम. कनेक्टरची खाच आणि वायरची लांबी जुन्याशी ताडून पाहिली.

खरा घाम काढला तो जुना सेन्सर सोडवताना. बॅटरीची निगेटिव्ह काढली, इंजिनमधून धूर बाहेर नेणाऱ्या मॅनिफोल्डवरचं पत्र्याचं शील्ड काढायला घेतलं. त्याचे तीन बोल्ट, त्यातला एक गंजलेला, हातातच तुटला. सेन्सर २२ च्या पान्याचा. साधा फिक्स पाना लावला तर तो घसरायला लागला. नटाचे कोपरे गोल झाले की काम हातचं गेलं, म्हणून तिथेच थांबलो. शेजारच्या अण्णांचं सगळं आयुष्य उद्यमनगरात लेथवर गेलंय. ते बघून म्हणाले, "जोर नगं लावूस. तेल पाज त्याला, उद्या बघू."

दोन रात्री आट्यांवर गंज सोडवायचा स्प्रे मारत राहिलो. तिसऱ्या दिवशी जुन्या सेन्सरची वायर कापली. नवा हातात होता आणि जुळत होता, म्हणूनच हे धाडस केलं. वायर कापल्यामुळे वरून २२ चा डीप सॉकेट पूर्ण बसला. तेल उडून गेल्याची खात्री करून, बॅटरी जोडून इंजिन तीन-चार मिनिटं चालवलं, बंद केलं आणि मॅनिफोल्ड गरम असतानाच चामडी हातमोजे घालून लांब दांडा लावला. अण्णांनी सॉकेट वरून दाबून धरला. मी हळूहळू वजन टाकलं. 'कट्' असा आवाज आला. क्षणभर वाटलं सेन्सरच तुटला, पण तो सुटला होता. अर्धा आटा पुढे, पाव मागे, परत स्प्रे, असं करत दहा मिनिटांत बाहेर आला.

भोकातल्या आट्यांत गंज होता. अण्णांनी १८ बाय दीडचा टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, आणला, त्याच्या खाचांत ग्रीस भरलं म्हणजे कचरा आत न पडता चिकटून येतो, आणि इंजिन थंड झाल्यावर हाताने फिरवून आटे साफ केले. हे माझ्या एकट्याच्या हातून झालं नसतं.

नव्या सेन्सरच्या आट्यांवर कंपनीचीच करडी पेस्ट होती, वर काही लावलं नाही. टोकाला बोट लावायचं नाही, जवळपास सिलिकॉन वापरायचं नाही; सिलिकॉनच्या वाफेने सेन्सर कायमचा बिघडतो. आधी हाताने शेवटपर्यंत बसवला. मग टॉर्क रेंचसाठी (हा पाना ठरवलेल्या जोरानेच आवळतो) वायर बाजूने निघेल असा फटीचा सॉकेट भाड्याने आणला आणि सेन्सरसोबतच्या कागदाप्रमाणे आवळला. वायर मॅनिफोल्डपासून लांब क्लिपमध्ये अडकवली.

कोड पुसला. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी पूर्ण थंड असताना, मोबाइल समोर ठेवून स्टार्ट केली. मिनिटभरात आकडा खालीवर होऊ लागला. अण्णा गॅलरीतून विचारत होते, "नाचतोय का रं?"

पाच आठवडे झाले, लाइट परत लागलेला नाही. ॲव्हरेज टाकी-टू-टाकी दोनदा मोजलं, १४.८ आणि १५.१. शील्ड सध्या दोनच बोल्टवर आहे आणि गिअर टाकताना थरथरतं. तुटलेला बोल्ट ड्रिलने काढायचा आहे, त्यासाठी अण्णांनी रविवार दिलाय.