केप कॉशनच्या अलीकडचे पाच दिवस

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, व्हँकुव्हर बेटाच्या उत्तर टोकाजवळ पोर्ट हार्डी नावाचे छोटे बंदर आहे. गेल्या जूनमध्ये तिथल्या धक्क्याला आमची 42 फुटी मोटरनौका बांधून आम्ही दोघे सलग पाच दिवस बसून होतो. पहाटे साडेचारला उठून व्हीएचएफ या नौकांवरच्या रेडिओवरचे हवामान ऐकायचे, वहीत आकडे उतरवायचे, दोघांनी ते पुन्हा एकदा वाचायचे आणि निघण्याऐवजी चहाचे आधण ठेवायचे, असा आमचा क्रम होता. तिसऱ्या दिवशी शेजारच्या दोन नौका निघून गेल्या, तरी आम्ही हललो नाही. मालवणहून धाकट्या बहिणीचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, "ताई, एवढी भीती वाटते तर या वयात जातेस कशाला?" फोनवर तिला नीट उत्तर देता आले नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

व्हँकुव्हरहून अलास्काकडे जाणारा जलमार्ग बहुतेक ठिकाणी बेटांच्या आडोशाने जातो. क्वीन शार्लट साउंडमध्ये मात्र ही तटबंदी तुटते आणि प्रशांत महासागराच्या लाटा थेट किनाऱ्यापर्यंत येतात. त्याच टप्प्यात मुख्य भूमीचे केप कॉशन हे टोक आहे. कॅप्टन जॉर्ज व्हँकुव्हरने 1793 मध्ये त्याला हे सावधगिरीचे नाव दिले; आदल्याच वर्षी या भागात त्याचे जहाज खडकावर चढले होते. त्याच्या पुढचे एग आयलंडवरचे दीपगृह 1948 च्या वादळात समुद्राने धुऊन नेले. पुन्हा बांधलेल्या त्या दीपगृहात आजही माणसे राहतात आणि वारा किती, लाटा किती, धुके किती, हे स्वतः पाहून रेडिओवर कळवतात. संगणकाचे अंदाज आम्ही पाहतो, पण निघण्याचा निर्णय या माणसांच्या डोळ्यांवर विसंबून घेतो.

त्या पाच दिवसांत वायव्येच्या वाऱ्याचा गेल इशारा, म्हणजे 34 ते 47 नॉटांच्या वादळी वाऱ्याचा (एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल), लागून होता. आमच्या नौकेचा तळ पाण्यावर चढून धावणारा नाही, पाणी कापत जाणारा आहे. यंत्र कितीही रेटले तरी वेग आठ नॉटांपुढे जात नाही, त्यामुळे वादळ दिसल्यावर पळून जाणे आम्हाला शक्य नाही. शिवाय शिडाच्या नौकेला वारा एका कुशीवर धरून ठेवतो, तसा आधार मोटरनौकेला नसतो. आडव्या लाटेत ती दोन्ही बाजूंना झुलत राहते. ते झुलणे आवरण्यासाठी तळाला दोन हलते पंख बसवलेले असतात, पण पाणी वेगाने वाहत असेल तरच ते काम करतात. नौका मंदावली की पंखही निकामी होतात.

लाटेच्या उंचीपेक्षा दोन लाटांमधल्या अंतराला आम्ही अधिक मान देतो. बारा सेकंदांनी येणारी दोन मीटरची लाट नौकेला अलगद उचलते आणि खाली ठेवते. पाच सेकंदांनी येणारी दीड मीटरची लाट कपाटे उघडते आणि माणसाला आपटते. ओहोटीचे पाणी वाऱ्याच्या तोंडावर गेले की तीच लाट उभी होते. केप कॉशनच्या अलीकडे स्लिंग्सबी चॅनेलच्या मुखाशी हे प्रकर्षाने घडते, कारण आतल्या नाक्वाक्टोच्या अरुंद मुखातून प्रचंड वेगाने सुटणारे ओहोटीचे पाणी तिथे महासागराला भिडते. म्हणून ते मुख भरतीच्या वेळी आणि किनाऱ्यापासून दूर राहून ओलांडायचे, हे आम्ही ठरवूनच निघतो.

माझे यजमान एकोणसत्तर वर्षांचे आहेत आणि मी चौसष्ट. ते जहाजावर इंजिनिअर होते, मी शाळेत गणित शिकवत होते. नौका घेतल्यावर पहिल्या वर्षी मी फक्त दोर बांधत असे. ह्यांच्या छातीत एकदा दुखले, निदान किरकोळ निघाले, पण त्या रात्री माझ्या लक्षात आले की हे पडले तर मला नौका धक्क्याला लावता येत नाही. त्यानंतरच्या हिवाळ्यात मी रेडिओचा परवाना घेतला, भरती-ओहोटीचे गणित शिकले आणि एकटीने नौका लावायचा सराव केला. तेव्हापासून आमचा नियम असा आहे की दोघांपैकी एकाने नको म्हटले की नौका सुटत नाही आणि त्याचे कारण विचारायचे नाही.

सहाव्या दिवशी वारा दहा नॉटांवर आला. थर्मासमध्ये मऊ भात, डब्यात मेतकूट आणि आलेपाक भरून आम्ही पाच वाजता निघालो. सुमारे 50 सागरी मैलांचा, सात तासांचा पल्ला होता. वाटेवरचे पाइन आयलंड हे बेट मागे पडल्यावर जुन्या वाऱ्याच्या उरलेल्या लाटा पश्चिमेकडून, आमच्या डाव्या कुशीवर, येऊ लागल्या. केप कॉशनच्या समोर यंत्राचा आवाज बदलला आणि त्याचे फेरे उतरू लागले. टाकीच्या तळाशी बसलेला गाळ हेलकाव्यांनी ढवळला जातो आणि डिझेलचा फिल्टर चोंदतो, त्यामुळे हा बिघाड नेमका खवळलेल्या पाण्यातच होतो.

"अगं, नाळ लाटेवर घे," एवढेच म्हणून हे खाली इंजिनखोलीत उतरले. नाळ म्हणजे नौकेचे पुढचे टोक. मी सुकाणू डावीकडे वळवून लाटा समोरून घेतल्या. झुलणे थांबले, त्याऐवजी नाळ वर जाऊन खाली बसू लागली; ते सोसण्यासारखे होते. त्या तापलेल्या खोलीत पडून हाड मोडले तर आमची सफर तिथेच संपली असती, म्हणून दर मोठ्या लाटेआधी मी "अहो, धरा!" असे ओरडत होते. ह्यांनी कळ फिरवून डिझेल दुसऱ्या फिल्टरकडे वळवले. चार मिनिटांनी फेरे पूर्ववत झाले आणि मी पुन्हा उत्तरेचा मार्ग धरला. हेच चौथ्या दिवसाच्या लाटांत घडले असते, तर त्या चार मिनिटांत नौका माझ्या हाती राहिली असती असे मी म्हणणार नाही.

बहिणीला मी एवढेच विचारीन, की नारळी पौर्णिमेआधी होडी पाण्यात न घालणाऱ्या आपल्या मालवणच्या माणसांना कधी कुणी भित्रे म्हटले आहे का? आपल्या आजोबांनीही आभाळाकडे पाहत ओटीवर बसून कितीतरी दिवस काढले होते.

बाराच्या सुमारास आम्ही फ्युरी कोव्ह या आडोशाच्या खाडीत नांगर टाकला. शिंपल्यांच्या चुऱ्याने पांढरी झालेली पुळण तिथे आहे आणि तिच्या पलीकडे फिट्झ ह्यू साउंडचे पाणी दिसते. हे चोंदलेला फिल्टर बदलायला बसले आणि मी नोंदवही भरली. दोन वाजेपर्यंत पलीकडच्या पाण्यावर पांढरे तुरे उठले होते. आमच्या खाडीत मात्र नांगराची साखळी सरळ खाली लोंबत होती.