गुंतवळीची डबी

लंडनला येऊन मला आता चौथं वर्ष लागलं. सिनेमा आणि नाटकांसाठी टोप करणाऱ्या एका छोट्या कार्यशाळेत मी काम करते. आई शेजारी सांगताना ‘विगचं काम’ म्हणते, पण माझ्या तोंडात ठाण्याच्या गडकरी रंगायतनच्या रंगपटात ऐकलेला ‘टोप’ हाच शब्द बसलाय.

पहिल्याच महिन्यात आमच्या मुख्य कारागीर बाईंनी माझ्यासमोर चिनी मातीची एक गोल डबी ठेवली. वर निळी फुलं आणि झाकणाच्या मधोमध रुपयाएवढं भोक. आम्ही तेव्हा १९०५ च्या सुमाराच्या एका कथेसाठी बायकांचे टोप करत होतो. कपाळावरून फुगवून वर घेतलेले, डोक्याभोवती उशीसारखे दिसणारे केस. त्या म्हणाल्या, हे केस आधी या डबीत तयार व्हायचे. केस विंचरून झाले की ब्रशमध्ये अडकलेली गुंतवळ बोटावर गुंडाळून त्या भोकातून आत ढकलायची. डबी भरली की त्या केसांची वळकटी करायची आणि ती आपल्याच केसांखाली घालून वरचे केस फुगवायचे. अशा वळकटीला इथे चक्क ‘उंदीर’ म्हणत.

मी ती डबी हातात घेऊन बराच वेळ नुसती बसून राहिले. नौपाड्यातल्या आमच्या जुन्या घरात खिडकीच्या वरच्या फळीवर आजीचा बोर्नव्हिटाचा डबा असायचा. त्यातही हेच असायचं. विंचरलेले केस केरात टाकायचे नाहीत, कुणाच्या पायाखाली येऊ द्यायचे नाहीत, असं ती सांगायची. वर्षा-दोन वर्षांची गुंतवळ साठली की तिचं गंगावन, म्हणजे आपल्या केसांना जोडायचा केसांचा झुपका, करून घ्यायची. पुढे केसांवर भांडी देणारा फेरीवाला दारावर यायला लागला आणि आईची गुंतवळ त्याच्या झोळीत गेली. मी आठवीत होते, त्या केसांच्या बदल्यात एक स्टीलची वाटी आली होती. ती अजून घरात आहे. आजीचं गंगावन मात्र नाही.

जुन्या काळावरचा सिनेमा पाहताना तेव्हापासून माझी नजर आधी एका गोष्टीवर जाते: या केसांच्या आत काय आहे? बाहेरचा आकार चित्रातून उतरवून घेता येतो. पण तो आकार कशावर उभा आहे, कुणी उभा केला, किती वेळ लागला, त्या डोक्याने रात्री झोपायचं कसं, हे कळलं की मगच ते केस कुणाचे तरी होतात.

१७७० च्या दशकातल्या फ्रान्समधली ती प्रसिद्ध उंच केशरचना घ्या. राणी मारी आंत्वानेतचा केशरचनाकार लेओनार ओतिए आणि तिच्या कपड्यांची कर्ती रोझ बेर्तां या दोघांनी ती गाजवली. १७७८ मध्ये एका फ्रेंच जहाजाने इंग्रजांशी झुंज दिली, तर त्या आनंदात बायकांनी डोक्यावर शिडांसकट जहाज चढवल्याची चित्रं निघाली. लोक ती चित्रं पाहून हसतात. आत पाहिलं तर लोकर आणि घोड्याच्या केसांची उशी, तिच्यावरून ओढून घेतलेले स्वतःचे केस, जिथे कमी पडतील तिथे जोडलेले दुसऱ्याचे, सगळ्याला प्राण्याच्या चरबीचं मलम आणि वर पिठूळ पावडर. म्हणजे उशी, गंगावन आणि तेल. पावसाने हे बिघडू नये म्हणून बग्गीच्या छतासारखी उघडझाप होणारी टोपीही तेव्हा निघाली. ती टोपी मी संग्रहालयात पाहिली आणि मला डोक्यावरून पदर घेतलेली आजी आठवली. तिचा पदर अंबाड्यावर अडकून राहायचा, घसरायचा नाही.

पावडरसाठी धान्याचं पीठ लागायचं. १७९५ मध्ये इंग्लंडच्या सरकारने ती वापरणाऱ्यावर वर्षाला एक गिनी कर बसवला, आणि आधीच उतरणीला लागलेली ती फॅशन भराभर संपली. ही पावडर नेहमी पांढरीच नसे; गुलाबी, निळी, जांभळट छटाही असत. म्हणूनच १९८४ च्या ‘अमेडिअस’मध्ये मोझार्टच्या टोपाला गुलाबी झाक दिसते ती मला कृत्रिम वाटत नाही. त्या काळात बसणारी ती गोष्ट आहेच, शिवाय बघताना ऐंशीच्या दशकातल्या रॉक गायकांचीही आठवण होते. त्या सिनेमातल्या केसांचं काम पॉल लब्लांक यांचं. डिक स्मिथ यांच्याबरोबर त्यांना रंगभूषेचं ऑस्कर मिळालं. पुरस्काराच्या नावात ‘केशरचना’ हा शब्द यायला मात्र २०१२ सालचे चित्रपट उजाडावे लागले. आमच्या धंद्यातल्या जुन्या माणसांना हे अजून लागतं, आणि ते लागायलाच हवं.

शेखर कपूर यांचा १९९८ चा ‘एलिझाबेथ’ तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. जेनी शर्कोर यांना त्यासाठी ऑस्कर मिळालं. शेवटी राणी केस कापवून घेते, चेहरा पांढरा करते आणि माणसाची मूर्ती होते. सिनेमात सुरुवातीला मोकळे, वाऱ्यावरचे केस दाखवले नसते तर तो शेवट इतका अंगावर आला नसता. मला मात्र सगळ्यांत जवळचा १९७५ चा ‘बॅरी लिंडन’. त्यातली केशरचना लंडनच्या लेनर्डची. ज्याने १९६६ मध्ये ट्विगी या मॉडेलचे केस मुलासारखे आखूड कापले, त्याच हाताने अठराव्या शतकातले हे मनोरे रचले. मेणबत्तीच्या उजेडातल्या प्रसंगांत लेडी लिंडन फार थोडं बोलते. तेवढं ओझं डोक्यावर तोलणाऱ्या बाईला मान कशी वळवावी लागेल, हे त्या केसांकडे बघूनच समजतं.

आमचं रोजचं काम याहून खूप शांत. नटीच्या डोक्याला आधी पातळ प्लॅस्टिक गुंडाळायचं, त्यावर चिकटपट्टी लावायची आणि तिची खरी केसांची रेघ पेनाने काढून घ्यायची. तो साचा कापडी ठोकळ्यावर बसवायचा, त्यावर जाळी शिवायची आणि क्रोशासारख्या, पण कितीतरी बारीक सुईने केस गाठीगाठीने विणायचे. मागे एका गाठीत तीन-चार केस चालतात, कपाळाशी एकच. पूर्ण टोपाला कित्येक आठवडे लागतात. कपाळाची रेघ सरळ आली की सगळं फुकट, कारण कुणाच्याच कपाळावर केस सरळ रेषेत उगवत नाहीत. आजच्या कॅमेऱ्याला जाळीची कडही दिसते. कधी कधी समोर आपल्याकडचे केस येतात, देवाला वाहिलेले. तिरुपतीचं देवस्थान भाविकांच्या केसांचा लिलाव करतं, हे तुम्हाला माहीत असेलच. ते केस हातात घेताना मी अजूनही एक क्षण थांबते.

या कामात माझी सगळ्यांत मोठी अडचण आहे डोक्याची मागची बाजू. जुनी व्यक्तिचित्रं सगळी समोरून काढलेली. म्हणून मी सुट्टीच्या दिवशी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जाऊन पुतळे मागून बघते. तिथे रूबियाकने १७३८ मध्ये घडवलेला संगीतकार हँडेलचा पुतळा आहे. टोप नाही, डोक्यावर घरातली मऊ टोपी, पायात सपाता. त्या काळचे पुरुष टोप नीट बसावा म्हणून डोकं भादरत आणि घरी अशी टोपी घालत. त्याच्या एकच वर्ष आधी, १७३७ मध्ये, मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला होता. आज जिथे आपलं मध्यवर्ती कारागृह आहे, तोच तो किल्ला. आपले ते लोकही डोकं भादरून, शेंडी राखून वर पागोटं बांधणारे. हँडेलपुढे उभी असताना मला दोन्हीकडची डोकी एकदम दिसली.

गेल्या डिसेंबरमध्ये ठाण्याला आले तेव्हा कॉलेजच्या जुन्या ग्रुपची एकांकिका बसत होती. काळ तोच, १९०५ च्या आसपासचा. ड्रेपरीवाल्याकडून तयार नायलॉनचे अंबाडे आले होते, तिन्ही बायकांना एकच साचा. सासू, विशीतली सून आणि माहेरपणाला आलेली नणंद, तिघींचे केस सारखे कसे असतील? माझ्याकडे पणजीचा एक फोटो होता. खुर्चीवर ताठ बसलेली, समोर बघणारी. मागचं काहीच दिसत नाही. चित्रकार धुरंधरांच्या चित्रांतून पाठमोऱ्या बायका शोधल्या, आकार मिळाला. बांधणी मिळाली नाही.

मग घंटाळीला आत्याकडे गेले. ती ७९ वर्षांची, केस आता बॉबकट. म्हणाली, “अगं, मला कुठलं आठवतंय आता? आई घालायची रोज, पण सांगता नाही यायचं.” सुनेचं काम करणाऱ्या मुलीला मी तिच्यासमोर पाटावर बसवलं. आत्याने तिच्या केसांत हात घातला आणि तो हात थांबलाच नाही. तेल, मधोमध भांग, मानेशी आगवळ, म्हणजे केस बांधायची दोरी, घट्ट, मग गंगावन. पीळ उजवीकडून डावीकडे, टोक आत खोचलेलं. आकडे चारच, पण चारही तिरके. मी विचारलं, चार पुरतात? ती म्हणाली, “आकड्यांनी नाही गं राहत, पिळाने राहतो. आणि ही सून आहे ना? हिचा जरा सैल हवा. सकाळी हिला कुठला वेळ मिळणार स्वतःकडे बघायला?”

त्या एका वाक्याने तिघींचे केस ठरले. सासूचा घट्ट, लहान, पांढऱ्या बटांचा. नणंदेचा खोपा, कारण माहेरी तिला बसून घालून देणारं कुणीतरी आहे, त्यावर जांभळी नाक्यावरून आणलेली ताजी वेणी. सुनेचा सैल, कानामागे सुटलेली एक बट. प्रयोगाला आत्या दुसऱ्या रांगेत बसली होती. सून पाठमोरी होऊन चुलीपाशी वाकली तेव्हा तिने माझा हात दाबला आणि हळूच म्हणाली, “आई.”

लंडनला परतल्यावर मी ते सगळं कागदावर काढलं. चित्र आलं, पीळ उतरला नाही. आत्याचे हात मी फोनवर चित्रित करून घ्यायला हवे होते, घेतले नाहीत. व्हिडिओ कॉलवर पुन्हा करून दाखव म्हटलं तर समोर डोकं नाही म्हणून तिला जमेना.

म्हणून तुमच्याकडे मागते. घरात अंबाडा, खोपा, बुचडा घालता येणारी कुणी आजी, आत्या, मावशी असेल तर तिच्यासमोर केस मोकळे सोडून बसा, आणि मागून कुणाला तरी चित्रित करायला सांगा. चेहरा नको, फक्त हात. आधी कुठला हात कुठे जातो, पीळ कुठल्या बाजूला पडतो, आकडा तोंडात धरते की मांडीवर ठेवते, सगळं. आणि कुणाच्या फळीवर गुंतवळीचा डबा अजून असेल, तर तो टाकू नका. मला कळवा, मी मे महिन्यात येतेच आहे.